कट्ट्यावरचा काढा

आमच्या घरात माणसांच्या आधी मिरची जागी व्हायची. शिवाजी पेठेतल्या त्या घराचा रस्त्याकडचा अर्धा भाग म्हणजे आण्णांचा चटणी कांडायचा डंक आणि मागचा अर्धा भाग म्हणजे आम्ही. आण्णा माझे वडील. सकाळी त्यांनी मोटर चालू करून पट्टा चढवला की लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आदळायला लागायची आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यात आपापला आवाज मिसळायची. फळीवरचे डबे खुळखुळायचे, देव्हाऱ्यातली घंटा कुणी हात न लावता किणकिणायची, हंड्यातल्या पाण्यावर बारीक थरथर उठायची. त्या धडधडीत आम्ही बोलायला शिकलो, त्यामुळं हळू बोलणं हा प्रकार आमच्या घरात नव्हताच. गुपित सांगायचं तरी ओरडून सांगावं लागायचं. लग्नानंतर मी सासरी साधं मीठ मागितलं तरी पंगतीतली माणसं दचकून वर बघायची.

उन्हाळा लागला की आमच्या कट्ट्यावर बायकांची रांग लागायची. देठ खुडलेल्या, कडक वाळवलेल्या मिरच्यांच्या पाट्या, वर फडक्यात बांधलेला भाजका मसाला, खोबरं, लसूण, मीठ. कुणाची ब्याडगी जास्त, कुणाची संकेश्वरी, आणि प्रत्येकीला आपलंच प्रमाण खरं वाटायचं. नंबर येईपर्यंत त्या कट्ट्यावर बसायच्या आणि पेठेतल्या सगळ्या घरांचा हिशेब तिथं लागायचा. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, तालमीतल्या कुठल्या पोरानं फुटबॉलच्या मॅचमध्ये पाय मोडून घेतला, कुणाच्या सुनेनं चूल वेगळी मांडली. मधूनच वाऱ्याची झुळूक फिरायची, आतली लाल धूळ बाहेर यायची आणि सगळी रांग एकदम ठसकायची. डोळे पुसून पुन्हा बोलणं सुरू. नवखा पाव्हणा आला तर उंबऱ्यातच शिंकून शिंकून बेजार व्हायचा आणि आण्णा हसून म्हणायचे, "पावणं, आत या, आत कमी हाय."

अशा घरात मला तिखट सोसत नव्हतं. लहानपणी थोडंफार चालायचं, पण शाळेची शेवटची वर्षं आली तशी खर्ड्याचं बोट जरी चाटलं तरी पोटात पीळ पडायचा, छातीत आग उसळायची, पोट फुगून टणक व्हायचं आणि मी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. रविवारी मटण शिजायचं. आण्णा, माझे दोघे भाऊ, आलेगेलेले पाहुणे तांबड्या रश्श्याच्या वाट्यावर वाट्या रिचवायचे, घाम पुसायचे, पुन्हा मागायचे. मी कोपऱ्यात बसून दूधभाकरी खायची. पांढरा रस्सा तरी घे म्हणून आई आग्रह करायची, आणि त्यातली मिरीसुद्धा मला दुसऱ्या दिवसापर्यंत पुरायची. आता डॉक्टर या दुखण्याला पटकन एक नाव देतात आणि गोळ्यांची पट्टी हातात ठेवतात. तेव्हा आमच्या पेठेत पोरीच्या पोटदुखीची कारणं ठरलेली होती. एक तर ती नको ते खाऊन आली, नाहीतर तिला काम नको.

घरात माझं दुखणं सगळ्यांना माहीत होतं, पण ते उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही असा आण्णांचा हुकूम होता. त्यात त्यांचं चुकलं असं तेव्हा मलाही वाटत नव्हतं. चटणीवाल्याच्या पोरीलाच चटणी सोसत नाही म्हटल्यावर कट्ट्यावरच्या बायका काय म्हणाल्या असत्या? शिवाय तिखट न खाणारी पोरगी कोल्हापुरात द्यायची कुणाला? तिच्या हातचं कोण जेवणार? म्हणून कुणी जेवायला आलं की माझ्या ताटातही लाल रस्सा वाढला जायचा आणि पाव्हण्यांची नजर चुकवून आई तो परत ओतून घ्यायची. मला त्या लपवाछपवीचा राग यायचा. राग नाकाच्या शेंड्यावर असायचा माझ्या, अजूनही असतो, पण त्या वयात तो फक्त घरातल्या भांड्यांवर निघायचा.

एका दिवाळीनंतर माझं दुखणं फारच वाढलं आणि आईनं मला कुरुंदवाडला मामाकडे पाठवलं. तिथं डंक नव्हता, नदीचा वारा होता आणि मामी नुकतीच बाळंत झालेली होती. तिच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायचे आणि त्याच जिनसांचा काढा तिला प्यायला द्यायचे. बाळंतिणीचं जेवण बिनतिखटाचं, तूपभात, मेथी, लसणाची चटणीसुद्धा मिरचीविना. मी तिच्याच ताटातलं जेवायला लागले. एकदा पोट धरून बसलेली बघून मामीनं आपल्या पेल्यातला अर्धा काढा मला दिला. कडू, उग्र, घशातून खाली जाताना ऊब सोडत जाणारा. थोड्या वेळानं मोठा ढेकर आला आणि कुणीतरी आतली गाठ सोडवावी तसं पोट सैल झालं. मी रडले. पोट न दुखणं म्हणजे काय हे मी विसरूनच गेले होते.

संक्रांत झाल्यावर आई मला न्यायला आली तेव्हा तिनं मामीकडून सगळं विचारून घेतलं. ओवा आणि बाळंतशेपा तव्यावर वास सुटेपर्यंतच भाजायचे, करपले की काढा कडवट होतो. खलबत्त्यात अर्धवट कुटायचे, पीठ करायचं नाही. जिरं थोडं, सुंठीचा तुकडा ठेचून, पाणी उकळलं की सगळं घालायचं आणि मंद आचेवर पाणी निम्म्यावर येऊ द्यायचं. गूळ चवीपुरता. उतरवल्यावर झाकण ठेवायचं, कारण त्याचा गुण वाफेबरोबर उडून जातो असं मामी म्हणायची. "बाळंतिणीच्या पोटाला जे सोसतंय, ते तुला सोसंल की," आई म्हणाली, आणि आम्ही एसटीनं कोल्हापूरला परत आलो.

परवा माझी पुण्याची नात एक सुंदर डबा घेऊन आली. आत रेशमासारख्या जाळीच्या पिशव्या, प्रत्येकीला दोरा, दोऱ्याला कागद. पोटासाठी आहे आजी, जेवणानंतर घ्यायचा, म्हणाली. मी वास घेतला. ओवा, बडीशेप, सुंठ, गवती चहा. फक्त बाळंतशेपा नव्हते. डब्यावर एका बाईचं चित्र होतं, खिडकीत बसून दोन्ही हातांनी कप धरलेली, डोळे मिटलेली. मला हसू आलं. माझ्या वेळी हा वास घरातून बाहेर गेला तेव्हा काय झालं ते त्या चित्रातल्या बाईला सांगावं असं वाटलं.

झालं असं, की आईला बाळंतशेपा विकत आणायचे होते आणि बाळंतशेपा कुणी उगीच घेत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाणी होता. त्यानं पुडी बांधता बांधता सहज विचारलं, कोण बाळंत झालं? आईनं सांगितलं, कुरुंदवाडची भावजय. ते खरंच होतं. वाणी म्हणाला, कुरुंदवाडात शेपा मिळत न्हाईत व्हय? त्यावर आई काहीच बोलली नाही, आणि पेठेत माणूस काही बोललं नाही की त्याचा अर्थ लोक लावतात. वर आईनं काढा उकळायचा तो मागचं दार लावून, खिडकीला पोतं अडकवून. माझं दुखणं कळू नये म्हणून ही सगळी धडपड. पण वास कुठं पोत्याला ऐकतो? इतकी वर्षं मिरचीचा ठसका सोसलेल्या आमच्या गल्लीला ओव्या-शेपांचा वास पहिल्याच दिवशी कळला. त्या वासाचा आमच्याकडे एकच अर्थ. घरात बाळंतीण आहे.

आणि घरात बाळंतीण व्हायच्या वयाची होते फक्त मी. दिवाळीनंतर अचानक मामाच्या गावाला गेलेली, संक्रांतीनंतर परत आलेली, चेहरा पांढरा पडलेली, दुपारी पडून राहणारी. माझ्याच आयुष्याचे तुकडे लोकांनी असे बेमालूम जोडले होते की मी तिऱ्हाईत असते तर मलाही ते पटलं असतं.

हे आम्हाला कळलं ते शेवंताकाकूंमुळं. त्या समोरच्या घरात राहायच्या. वयस्कर, विधवा, हाडापेरानं मजबूत, आणि नाक असं की कुणाच्या घरी भाजी लागली तर त्या घरातल्या बाईच्या आधी यांना कळायचं. पेठेतल्या निम्म्या बाळंतपणांना त्या पदर खोचून उभ्या राहिलेल्या. एके दुपारी त्या मागच्या दारानं आल्या. मी पडवीत मिरच्यांचे देठ खुडत बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं मिरचीनं. त्यांनी पदराखालून डबा काढून आईच्या हातात ठेवला. आत अळिवाचे लाडू होते, तुपानं चमकणारे.

"पोरीला रोज एक दे," त्या म्हणाल्या. "कंबर भरून येती. आमी कुणाला सांगत न्हाय, तू काळजी करू नगंस."

आई म्हणाली, "कशाची काळजी?"

"बाईमाणसाला काय सांगाय लागतंय व्हय ते," काकू म्हणाल्या, आणि आईच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

आई तो डबा घेऊन तशीच उभी राहिली. डंक चालू होता, लाडवांवरचं झाकण तिच्या हातात टकटक वाजत होतं. मला समजायला थोडा वेळ लागला आणि समजलं तेव्हा कानशिलं तापली. मला शरम वाटली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे अनेकांनी मला विचारलं की तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल नाही? नाही झालं. मला संताप आला. त्या लाडवांमधल्या मायेचा तर सगळ्यात जास्त आला. शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. लाडू घेऊन आलेल्या बाईशी भांडायचं कसं?

आईनं रात्री आण्णांना सांगितलं. आण्णा भिंतीला टेकून बसले आणि आपले लाल पडलेले तळवे एकमेकांवर घासायला लागले. तोवर माझ्या लग्नाचंही चाललं होतं. आण्णांची बहीण, माझी आत्या, बिद्रीकडे दिलेली. तिनं तिकडचंच एक स्थळ आणलं होतं आणि बघायचा कार्यक्रम झालाही होता. मुलगा मला आवडला होता, हे आज सांगायला काय हरकत आहे? मी पोहे दिले, त्यानं बशी घेतली आणि सगळ्यांचं लक्ष नसताना पोह्यातल्या मिरच्या एकेक करून कडेला काढून ठेवल्या. माझी नजर त्या बशीवर होती. त्यानं वर बघितलं, ओशाळला आणि हसला. त्या मिरच्यांवरून मी मनात सगळा संसार मांडून मोकळी झाले होते.

ही कुजबुज बिद्रीपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? आत्या उन्हाची आली, पाणीसुद्धा न पिता बसली. तिकडच्या मंडळींचं म्हणणं तिनं सांगितलं. त्यांचा विश्वास होताच, पण चार लोक बोलतात, तेव्हा एखाद्या डॉक्टरीणबाईकडून पोरीला एकदा तपासून घ्यावं, बाईनं तोंडी सांगितलं की बास, मग साखरपुडा लगेच करू. आत्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आण्णांनाही वाटलं नाही. उलट त्यांना सुटल्यासारखं झालं. खोटं आहे ते खोटं ठरेल, लोकांची तोंडं बंद होतील, पोरीचं चांगलं होईल. एवढंसं काम आहे, आईनं बरोबर जावं, जाऊन यावं.

मी पडवीतून आत आले. मला नीट आठवतं, माझ्या हाताला मिरचीचे देठ चिकटलेले होते आणि मी ते एकेक काढत होते.

"मी न्हाय जाणार," मी म्हटलं.

आत्या म्हणाली, "अगं, तुझ्याच भल्याचं हाय. तू खरी हायस न्हवं? मग भ्यायचं कशाला?"

"खरी हाय म्हणूनच न्हाय जाणार. आज डॉक्टरनं तपासायचं, उद्या सासूनं तपासायचं, परवा आणि कुणी. एकदा तपासू दिलं की संपतंय व्हय ते?"

आण्णांनी आवाज चढवला. मी त्याहून चढवला. डंकाच्या घरातली पोरगी मी, आवाजात मला कोण हरवणार? त्यांनी माझ्या जन्माचा, शिक्षणाचा, आईच्या वळणाचा उद्धार केला. मी एवढंच धरून बसले की मला पोटदुखी आहे, पोटदुखीला मी काढा पिते, आणि यापलीकडे मला कुणाला काही दाखवायचं नाही. आत्या रडत निघून गेली आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मी मात्र काढा करून घेतला. मागचं दार उघडं टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉकेलचा स्टो उचलला, वर पातेलं, त्यात खलबत्ता आणि पुड्या, आणि पुढच्या दाराकडे निघाले. आई दारात आडवी आली. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "पिन मारून घे स्टोला. भर रस्त्यात इझला तर लाज जाईल."

मी पिन मारून स्टोचं भोक मोकळं केलं. कट्ट्यावर रांग लागलेलीच होती. सीझन ऐन भरात, पाट्यांना पाट्या लागलेल्या. मी मधोमध जागा केली, स्टो पेटवला, पाणी ठेवलं आणि खलबत्त्यात ओवा-शेपा कुटायला सुरुवात केली. आत डंक धडधडत होता आणि बाहेर माझा बत्ता. बायकांचं बोलणं थांबलं. पाण्याला आधण आलं, मी कुटलेलं त्यात टाकलं, आणि तो वास उठला. मिरचीच्या नाकात झोंबणाऱ्या खाटात मिसळून तो सगळ्या गल्लीभर झाला. रांगेत शेवंताकाकू होत्या, पाटी मांडीशी घेऊन बसलेल्या. माझ्याकडे बघायचं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काय उकळतियास गं?"

"बाळंतिणीचा काढा," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

नेमक्या त्याच वेळी आण्णांनी पट्टा उतरवला. एका पाटीचं कांडप संपलं म्हणून असेल, किंवा माझा आवाज आत गेला म्हणून असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही. डंक थांबला की आमच्या गल्लीत अशी शांतता व्हायची की कानात गुणगुणल्यासारखं वाटायचं. त्या शांततेत मला जे सांगायचं होतं ते मी सांगून टाकलं. मला तिखट सोसत नाही. चटणीवाल्याची पोरगी असून सोसत नाही. पोटात पीळ पडतो, आणि हे प्यायलं की बरं वाटतं. आजपासून रोज सकाळी इथंच बसून पिणार. ज्याला जे समजायचं असेल त्यानं खुशाल समजावं.

आण्णा दारात येऊन उभे राहिले होते. अंगावर, भुवयांवर, मिशीवर लाल धूळ, त्यामुळं चेहऱ्यावर काय आहे ते कळत नव्हतं. कट्ट्याच्या टोकाला मेहरूनभाभी बसल्या होत्या. पेठेतल्या सगळ्या लेकीसुनांना बांगड्या भरणाऱ्या, आमच्याच मागच्या बोळात तीन पिढ्या राहणाऱ्या. त्या उठल्या, टोपली बाजूला ठेवली आणि रांगेकडे तोंड करून म्हणाल्या, ह्या पोरीचा हात मी दर सणाला हातात धरते, तसलं काय असतं तर माझ्या हाताला पहिलं कळलं असतं. माझ्या बाजूनं बोलणारं ते पहिलंच माणूस. पण मी त्यांनाही पुढं बोलू दिलं नाही.

"भाभी, साक्ष नको," मी म्हटलं. "प्यायचं असलं तर प्या."

भाभींनी रांगेकडे पाठ केली. मग टोपली सरकवून माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दे. माझं बी पोट जळतंय रोज. कुणाला सांगायचं?"

आम्ही दोघींनी काढा घेतला. बाकी कुणी पेला पुढं केला नाही. शेवंताकाकू उठल्या, आपली पाटी उचलली आणि न कांडता घरी गेल्या. त्यांच्यामागं आणखी काही जणी उठल्या. आण्णा आत गेले, पट्टा चढवला, डंक पुन्हा सुरू झाला.

यानंतर सगळं गोड झालं असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. त्या उन्हाळ्यात आमची रांग आखूड झाली. बऱ्याच बायका पलीकडच्या गल्लीतल्या डंकावर जायला लागल्या. भाऊ माझ्याशी बोलेनासे झाले, कारण तालमीत पोरं त्यांना ओव्याच्या नावानं चिडवायची. आण्णा माझ्या हातचं पाणीही घेईनात. मी रोज सकाळी स्टो बाहेर आणायची. खरं सांगायचं तर कितीतरी सकाळी पाय उचलत नव्हते. भीती वाटायची, रडू यायचं, आपण सगळ्यांना मातीत घालतोय असं वाटायचं. मग आतून आईचा आवाज यायचा, पिन मारलीस का? आणि मी उठायची.

आषाढ लागायच्या आधी आत्या पुन्हा आली. या वेळी तिकडची मंडळी बरीच खाली उतरली होती. डॉक्टर नको म्हणते ना पोरगी, राहू दे. नुसतं अंबाबाईच्या पायरीवर हात ठेवून एकदा म्हणावं, मी स्वच्छ आहे, एवढं चार जणांदेखत झालं की आम्हाला पुरे. मुलगाही अडून बसलाय, त्याला हीच पाहिजे, असं आत्यानं सांगितलं. ते ऐकून माझ्या पोटात जे झालं त्यावर कुठला काढा नव्हता. बशीच्या कडेला काढून ठेवलेल्या त्या मिरच्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या. एका वाक्याचं तर काम होतं, आणि ते वाक्य खरंही होतं.

आत्या माझ्याकडे बघत होती. मी आण्णांकडे बघितलं. ते ताटावर बसले होते, भाकरीचा तुकडा हातात.

"काय करतीस?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"न्हाय," मी म्हटलं. "देवीला ठाव हाय. बाकीच्यांस्नी मी काय सांगणार न्हाय."

आण्णांनी घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि बहिणीला म्हणाले, "न्हाय म्हणती ती. तिकडं तसंच सांग."

बस, एवढंच बोलले माझे वडील. पुढं आयुष्यभर त्यांनी हा विषय काढला नाही. पण मला कुणी विचारलं की तुझ्या बापानं तुला काय दिलं, तर मी ते एक वाक्य सांगते. बिद्रीकडच्या त्या मुलाचं लग्न त्याच वर्षी दुसरीकडे झालं. माझंही पुढं झालं, पेठेच्या मानानं फार उशिरा, आणि ज्याच्याशी झालं त्यानं मला काही विचारलं नाही. काढा कसा करायचा तेवढं विचारलं.

गणपती जवळ आले होते तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला मागचं दार वाजलं. शेवंताकाकू उभ्या होत्या, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात झाकणाचा डबा. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. आमच्या घरात त्या लाडवांनंतर पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी आत वाकून बघितलं, पुरुष माणूस कुणी नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाल्या की पोटात वारा धरलाय, काही केल्या हलत नाही, तुझ्याकडचं ते जरा दे, डब्यात दे, झाकून नेते. कुणाला कळायला नको. या वयात लोक काय म्हणतील?

मी त्यांना क्षमा केली होती असं म्हणणार नाही. केली नव्हती. पण पोटदुखी काय असते ते मला माहीत होतं. मी आत नेऊन बसवलं, काढा गरम केला, एक पेला तिथंच पाजला. ढेकर आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी डबा पुढं केला, उद्यासाठी.

मी झाकण लावून डबा परत दिला, रिकामाच. "उद्या पुढच्या दारानं या," मी म्हटलं. "कट्ट्यावर मिळंल. झाकून न्यायला न्हाय मिळायचं."

रिकामा डबा पदराखाली घेऊन त्या गेल्या. येणार नाहीत असंच मला वाटलं. सकाळी मी स्टो पेटवला, मेहरूनभाभी आल्या, आणि थोड्या वेळानं समोरचं दार उघडलं. काकू रस्ता ओलांडून आल्या, रिकाम्या हातानं. सणाच्या तोंडावर कांडायला आलेल्या काही बायका कट्ट्यावर बसल्या होत्या. त्या सरकल्या. काकू माझ्याशेजारी टेकल्या, मी पेला भरून दिला. त्यांनी पहिला घोट घेतला तशी रांगेतली एक नवी सून, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, वास घेत म्हणाली, "काकू, कसला काढा पिताय ओ?"

रांगेतल्या माना काकूंकडे वळल्या. आत डंक चालू होता. काकूंनी पेला खाली ठेवला, पदरानं ओठ पुसले आणि त्या धडधडीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाळंतिणीचा. माझ्यासाठी."

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.